माझ्या हातचा मासा

नारळ काही बुडेना.

सासूबाईंनी तो हळदकुंकू लावून, डोळे मिटून, दोन्ही हातांनी बर्फातल्या भोकात सोडला होता. भोक बेताचंच, पातेल्याच्या तोंडाएवढं. नारळ एकदा खाली गेला, गटांगळी खाऊन वर आला आणि शेंडी वर करून भोकात बसला तो बसलाच. आता मासा धरायचा तर गळ सोडायचा कुठून?

"बुडत कित्याक नाय गो ह्यो?" सासूबाईंनी डोळे उघडून विचारलं.

"आई, नारळ कधी बुडतो का? तुमच्याकडे समुद्रात लाट त्याला घेऊन जाते. इथं लाट कुठाय?"

हे मी मोठ्या शहाणपणाने म्हटलं खरं, पण घरून निघताना ते माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. टोरांटोच्या भारतीय दुकानात शोधून शोधून तो नारळ मीच आणला होता.

आमच्या भोवती अख्खं गाव तळ्यावर उतरलं होतं. उत्तर ओंटारिओतलं आमचं हे गाव एवढंसं, पण तळं मोठं नावाजलेलं. हिवाळ्यात ते असं गोठतं की वरून ट्रक जातात. मग लोक गिरमिटाने बर्फाला भोकं पाडतात, हातभर काठीला दोरा बांधून गळ खाली सोडतात आणि बादल्या उलट्या घालून त्यांवर बसतात. खाली पर्च नावाचा मासा असतो, पिवळा, अंगावर काळे पट्टे. फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्याची शर्यत लागते. सगळ्यांत मोठा मासा ज्याचा, तो जिंकला. त्याचा मासा भुसा भरून मच्छीमार क्लबाच्या भिंतीवर टांगतात, खाली पितळी पट्टीवर नाव.

या शर्यतीला जायचं होतं ते माझ्या नवऱ्याने, रघुवीरने, आणि त्याच्या आईने. मी त्या तळ्यावर तोवर पाऊल ठेवलं नव्हतं. मी दहिवडीची. आमच्याकडे पाणी बघायचं ते हंड्यात, आणि तेही टँकर आला तर. लग्नानंतर पहिल्यांदा रघुवीरच्या गावी, देवबागला गेले, तेव्हा गुडघाभर लाट अंगावर आली म्हणून मी असा टाहो फोडला होता की होड्यांवरचे लोक धावत आले. त्या दिवसापासून सासरी माझं नाव पडलं ते घाटीण. आता ते पाणी गोठलं म्हणून त्याच्यावर चालत जायचं? माझी काही अक्कल गहाण पडली नव्हती.

पण शर्यतीच्या आदल्या दिवशी बर्फ उपसताना रघुवीरची कंबर धरली. तो पलंगावर आडवा झाला आणि मला वाटलं, शर्यतीचा विषय संपला, तर सासूबाई म्हणाल्या, "मी हिका घेवन जातंय."

"हिला?" रघुवीर उठायला गेला आणि कळवळून परत पडला. "आये, ती पाण्याला घाबरते."

"पाणी खंय आसा थंय? बर्फ आसा." त्या माझ्याकडे वळल्या. "येतंस मां?"

सासूबाईंनी मला काही विचारावं, असं फारसं घडत नसे. मी पटकन हो म्हणून बसले.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात सासूबाईंनी माझ्या हातचा मासा एकदाही खाल्ला नव्हता. भाकरी खायच्या, आमटी खायच्या, माझ्या हातची पुरणपोळी तर दोन जास्त खायच्या. मासा मात्र स्वतः रांधला तर खाणार. मी केला असेल त्या दिवशी गुपचूप ताक-भात कालवायच्या. त्यांचा सगळा जन्म मालवणच्या बाजारात मासे विकण्यात गेलेला. त्यांना माझं रांधणं पसंत नसेल, म्हणून मी शिकले. तिरफळं कधी घालायची, सोलं किती, वाटण किती बारीक. माझ्या हातच्या सुरमईवर रघुवीरचे मित्र तुटून पडायचे. सासूबाई ताटाकडे बघायच्यासुद्धा नाहीत. महाराष्ट्र मंडळातल्या बायका सासूच्या नावाने बोटं मोडायच्या, 'मेलीला कधी मीठ कमी, कधी तिखट जास्त!' मला त्यांचा हेवा वाटायचा. नावं ठेवायला तरी घास तोंडात घालावा लागतो.

यंदा त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सासरे गावी होडीपाशी राहिले होते. परतीचं तिकीट पुढच्याच आठवड्यातलं. यानंतर हा एवढा प्रवास त्यांना झेपेल असं वाटत नव्हतं. मी मनाशी ठरवलं होतं की ही बाई माझ्या हातचा एक घास मासा खाऊन जाईल, नाहीतर मी हा नाद कायमचा सोडीन.

तर नारळ. आम्ही तो झाऱ्याने खाली दाबला. भोकातला बर्फ काढायला सगळ्यांकडे तसला झारा असतो. दाबला की नारळ बाजूने उसळी मारून वर. चारपाच वेळा असं झालं. शेवटी मी चिडून झाऱ्याची अशी ढुशी दिली की तो बर्फाखाली सरकला आणि दिसेनासा झाला.

"गेलो!" सासूबाईंनी हात जोडले. "आता गळ सोड."

मी गळ सोडते न सोडते, तोच शेजारून आरोळी आली. शेजारी लाकडी खोपटं लावून आर्नी नावाचा म्हातारा बसला होता, जन्मभर ट्रक चालवून निवृत्त झालेला. तो खोपट्याबाहेर गुडघ्यांवर बसून आपल्या भोकात बघत होता. आमच्या भोकातून निघालेला नारळ बर्फाच्या पोटाखालून सरकत त्याच्या भोकात जाऊन उगवला होता, शेंडीसकट.

"या तळ्यावर चाळीस हिवाळे काढले," तो नारळ वर धरून ओरडला, "पण इतका केसाळ मासा कधी बघितला नाही!"

आसपासचे लोक जमले, हसून हसून लोळायचे बाकी राहिले. मीही हसले. सासूबाईंचं तोंड मात्र एवढंसं झालं.

"परत दिलान," त्या म्हणाल्या. "दिलेलो नारळ पाण्यान परत दिलान. बरा नाय ह्या."

त्यांचा आवाज ऐकून माझं हसू मावळलं. मी आर्नीला नारळाचं सगळं सांगितलं. तो गंभीर झाला, टोपी काढली, नारळाकडे आदराने पाहिलं.

"पण आमच्या तळ्याचा एक नियम आहे," तो म्हणाला. "ज्याच्या भोकातून जे वर येतं ते त्याचं. हा मला द्या. मी घरी ठेवीन."

मी सासूबाईंना सांगितलं. त्या विचारात पडल्या. "फुकट कसो नेतलो? पाण्याक दिलेली वस्तू. बदल्यात काय देता विचार."

आर्नीने दाढी खाजवली. मग आपली बादली उचलली आणि भोकाकडे हात केला. "हे घ्या. दहा वर्षं याच जागी बसतोय, एकदाही जिंकलो नाही. तुमचं नशीब आजमावून बघा."

"बरा," सासूबाई म्हणाल्या. "सौदो झालो." त्यांचा चेहरा खुलला. बाजारात बसलेली बाई, सौदा झाल्याशिवाय तिला चैन कसं पडणार?

आम्ही आर्नीच्या भोकाशी बसलो. मी काठी त्यांच्यापुढे केली. "आई, धरा. तुमचं काम आहे हे."

त्यांनी दोन्ही हात शालीत घातले. "माझे हात गार पडलेहत. तूच धर."

मी धरली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. थोड्या वेळाने दोरा थरथरला. मी घाबरून काठीच सोडून दिली. उचलली तोवर आमिष गायब.

"ओढायचं कधी ते तरी सांगा," मी म्हटलं.

त्यांनी ओठ घट्ट मिटले.

दुसऱ्यांदा दोरा हलला. मी सगळ्या ताकदीने हिसका दिला, मासा भोकाच्या तोंडाशी आला, मला दिसलासुद्धा, आणि गळावरून सुटून गेला. सासूबाई शेजारी बसून सगळं बघत होत्या. मान हलवली नाही, चकार शब्द काढला नाही. आसपासच्या बादल्यांत पर्च फडफडत होते. आमच्या बादलीत ठणठणाट.

आता माझं डोकं तापायला लागलं. जन्म माशांत गेलेली बाई शेजारी बसली आहे, आणि सून गावाचं हसं करून घेते आहे ते मजेत बघते आहे! मला इथं आणलं कशाला होतं? घाटीण काय दिवे लावते ते बघायला?

"काठी धरायची नाही, सांगायचं नाही," मी फणकारले, "मग आलात कशाला?"

"बसूक," त्या म्हणाल्या.

रागात मी पुढचं आमिष लावलं, गळ खाली सोडला आणि ठरवलं की आता तळं वितळेपर्यंत इथून हलायचं नाही. नाक बधिर झालं, पाय बधिर झाले. तो राग मला उपयोगी पडला असावा. रागाने माणूस घट्ट बसतो. घट्ट बसल्यावर हळूहळू दोरा बोटांना काही सांगायला लागला. हे नुसतं पाणी, ही वाऱ्याची थरथर, आणि हे, हे दुसरं काहीतरी. मी श्वास धरला. यावेळी हिसका दिला नाही. काठी अलगद उचलली आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी वजनदार असल्याचं हाताला कळलं.

"लागला," मी पुटपुटले.

दोरा ओढत गेले. तो जड होत गेला. भोकात अंधारातून पिवळं काही वर आलं, आडवं झालं आणि बर्फाच्या खालच्या कडेला अडकलं. मासा भोकापेक्षा लांब होता. ना वर येत होता ना खाली जात होता, आणि दोरा बर्फाच्या धारेवर घासत होता.

"तुटेल!" आर्नी ओरडत धावला. "थांब, मी काढतो!"

तो भोकापाशी वाकला, तेवढ्यात सासूबाईंच्या हातातली काठी, चालताना टेकायची, त्याच्या छातीवर आडवी आली.

"ए मेल्या, हात लावशीत तर बघ!"

मालवणी दमाला दुभाषा लागत नाही. आर्नी दोन पावलं मागे सरला.

"आई, अहो तो मदत करतोय!" मी रडकुंडीला आले होते. "दोरा तुटेल!"

"तूच काढ," त्या म्हणाल्या. "कोणाचो हात नको. तुझो हात घाल पाण्यात. घाल, बाय माझी."

बाय माझी! अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्या दोन शब्दांनी काय केलं कोण जाणे. मी हातमोजा फेकला, बाही वर सारली, पोटावर आडवी झाले आणि ज्या पाण्याला मी जन्मभर भ्यायले त्यात खांद्यापर्यंत हात घातला. थंडी नव्हती ती, आग होती. बोटांना खवले लागले. पाठीवरचे काटे तळव्यात घुसले. मी सोडलं नाही. त्याचं तोंड भोकाकडे वळवलं, कल्ल्यांत बोटं घातली आणि ओढला.

तो बर्फावर येऊन आपटला. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, पिवळाधमक. माझ्या हातातून रक्त गळत होतं आणि मी आडवी पडून वेड्यासारखी हसत होते.

"इलो! इलो गो, इलो!" सासूबाई काठी टाकून उभ्या राहिल्या आणि त्या बर्फावर चक्क नाचल्या. जाडजूड बूट, नऊवारीवर रघुवीरचा जुना कोट, अशा अवतारात नाचल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आर्नीने मला खोपट्यात नेऊन शेगडीपाशी बसवलं, हाताला फडकं बांधलं आणि मासा आपल्या काट्यावर टांगला. काटा बघून त्याने शीळ घातली. "गेल्या सालच्या विजेत्यापेक्षा भारी आहे. बाई, तू जिंकलीस! वजनाच्या तंबूत घेऊन जा. वजन झालं की मासा क्लबाच्या ताब्यात, आणि मग भिंतीवर."

माझ्या डोळ्यांपुढे ती पितळी पट्टी उभी राहिली. कुंदा कुबल. दहिवडीच्या बाईचं नाव, मासे धरणाऱ्यांच्या भिंतीवर! "आई, चला," मी मासा उचलला. "तंबूत जायचंय."

सासूबाई हलल्या नाहीत. सकाळपासून जी पिशवी त्यांनी मला धरू दिली नव्हती, ती त्यांनी उघडली. आतून एकेक वस्तू काढून आर्नीच्या बाकावर मांडली. माझ्या स्वयंपाकघरातला तवा. सुरी. तेल. तांदळाचं पीठ. पुरचुंडीत मसाला, दुसऱ्या पुरचुंडीत मीठ, वाटीत सोलांचं आगळ.

"साफ कर," त्या म्हणाल्या. "आणि रांध."

"हा? आई, हा शर्यतीचा मासा आहे. घरी गेल्यावर दुसरा करते."

"दुसरो नको. ह्योच होयो. तूच साफ कर, तूच रांध." त्यांनी तवा माझ्याकडे सरकवला. "मी खातंय."

मी एकदा दारातून दिसणाऱ्या तंबूकडे बघितलं, एकदा तव्याकडे. फार वेळ लागला नाही. मासा बाकावर आडवा घातला आणि सुरी चालवली.

"अगं, वेडी झालीस का!" आर्नी डोक्याला हात लावून ओरडला. "जिंकलेला मासा कुणी खातं का?"

"आमच्यात खातात," मी म्हटलं.

त्याचे खवले फार चिवट. फडकं बांधलेल्या हाताने काढताना जीव मेटाकुटीला आला. सासूबाई बघत बसल्या, सुरीला बोट लावलं नाही. मी तुकड्या केल्या, मसाला-मीठ चोळलं, आगळ लावलं, पिठात घोळवून तव्यावर सोडल्या. तो वास बर्फावर पसरला तसे लोक खोपट्याच्या दारात डोकावू लागले. त्यांच्यातून वाट काढत, कमरेत वाकलेला, काठी टेकत रघुवीर आला. त्याला घरी राहवलं नव्हतं.

त्याने तवा बघितला, मला बघितलं, मग आईला. "आये," तो हळूच म्हणाला, "तू तिला सांगितलंस?"

"मी काय एक सांगूक नाय," सासूबाई म्हणाल्या. "इचार तिका."

"काय सांगायचं होतं?" मी उलथणं हातात धरून दोघांकडे बघत राहिले.

रघुवीर बुटांकडे बघू लागला. सासूबाईंनी माझ्याकडे तोंड केलं.

"आमच्या घरात एक रीत आसा. नवी सून पयलो मासो आपल्या हातान पाण्यातसून काढता. आपणच साफ करता, आपणच रांधता. कोणी सांगूचा नाय, कोणी हात लावूचो नाय. तो मासो सासू खाता, आणि मगे त्या घरची चूल तिची. माझ्या सासून खाल्ल्यान, तिच्या सासून खाल्ल्यान. त्याच्याआधी सुनेच्या हातचो मासो सासून खाल्लो तर तो पावण्याच्या हातचो. तुका पावणी म्हणान कशी खाव गो मी?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"ह्या झिलान शपथ घातल्यान माका. तू लाटेक भियालंस, तेव्हाच घातल्यान. आये, तिका पाण्यात उतर म्हणान कधी सांगूचा नाय, माझी शपथ." त्यांनी शाल सावरली. "नाय सांगलंय. अकरा वर्षां तोंड शिवन रवलंय. पण सांगूचा नाय अशी शपथ हुती. शेजारी बसान वाट बघूची नाय अशी खंय हुती?"

रघुवीरचा चेहरा शेगडीच्या उजेडात लाल झाला होता. "तुला त्रास नको म्हणून गं," तो म्हणाला.

त्याला काय बोलायचं ते मी रात्रीसाठी राखून ठेवलं. (ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण आजही तो मला न विचारता माझ्या भल्याचं काही करायला निघाला, की मी नुसती 'पर्च' म्हणते. गप्प बसतो.) त्या वेळी मला बोलायला उसंतच नव्हती. तुकडी करपली असती. मी ती उलटली, दोन्ही बाजूंनी कुरकुरीत झाल्यावर आर्नीच्या पत्र्याच्या ताटलीत काढली आणि सासूबाईंपुढे धरली.

दारातले लोक माना उंचावून बघू लागले. आर्नीसुद्धा बगलेत नारळ धरून पुढे वाकला होता.

सासूबाईंनी तुकडी मोडली, काटा बाजूला काढला आणि घास तोंडात घातला. डोळे मिटून सावकाश चावला. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. काटा चोखून ताटलीच्या कडेला ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं ते त्यांनी कोटाच्या बाहीने पुसलं. मग भुवया आक्रसून, अगदी सासूच्या तोऱ्यात, त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मीठ वायच कमी पडला," त्या म्हणाल्या आणि ताटली पुढे केली. "दुसरी तुकडी घाल."